फायली जपण्याचा खरा हिशेब

दुकानात एक टेराबाइटची पोर्टेबल हार्ड डिस्क पाच-सहा हजारांना मिळते. घरातले सगळे फोटो, मुलांचे दाखले, जमिनीचे कागद, आयकराची विवरणपत्रं तिच्यात सहज मावतात. ती कपाटात ठेवून दिली की घरचे निर्धास्त होतात. पाच-सहा वर्षांनी ती काढून संगणकाला लावावी तर दिवा लागतो, आत काहीतरी टकटकतं आणि फोल्डर मात्र दिसत नाहीत. दुकानदाराकडे जावं तर तो म्हणतो, वॉरंटी संपली. वॉरंटी असती तरी फार फरक पडला नसता, कारण वॉरंटी डिस्कची असते, आतल्या मजकुराची नसते. कंपनी कोरी डिस्क बदलून देते आणि तिथे तिची जबाबदारी संपते.

म्हणून ‘डिस्क केवढ्याला?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘ही फाइल दहा वर्षांनी जशीच्या तशी उघडायला हवी असेल, तर एकूण किती लागतील?’ असं विचारायला हवं. त्यात साधनाची किंमत येते, ते ठरावीक वर्षांनी बदलण्याची येते, दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीची येते आणि वर्षातून एकदा कुणीतरी बसून तपासण्याच्या वेळेचीही येते. या शेवटच्या कामाचं बिल कुणी पाठवत नाही, त्यामुळे सगळ्यात आधी तेच बुडतं.

पुढचे भाव किरकोळ बाजारातले आणि कंपन्यांच्या जाहीर दरांवरचे, ढोबळ आहेत. मेमरी चिपचे भाव झपाट्याने वरखाली होतात. तेव्हा आकडे अंदाजाला घ्या आणि खरेदीच्या दिवशी पुन्हा पडताळा.

आधी वजन करा

खर्च कशावर अवलंबून आहे हे बघायचं तर आधी आपल्याकडे आहे किती ते मोजावं. ए-फोर आकाराचा एक कागद ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून पीडीएफ केला, तर साधारण अर्धा ते एक एमबी होतो. म्हणजे हजार पानं एका जीबीच्या आतबाहेर. बहुतेक कुटुंबांची सगळी महत्त्वाची कागदपत्रं हजार पानांत संपतात. फोनवरचा एक फोटो तीन ते पाच एमबी, म्हणजे दहा हजार फोटो ४० जीबीच्या आसपास. फोर-के व्हिडिओचं मात्र एक मिनिट, फोनच्या सेटिंगनुसार, दीडशेपासून चारशे एमबीपर्यंत जागा खातं. भाच्याच्या मुंजीचा तासाभराचा व्हिडिओ घरातल्या सगळ्या दस्तऐवजांपेक्षा दहा-वीस पट जड असतो.

याचा सरळ अर्थ असा, की ज्याच्याशिवाय अडेल ते जपायला जवळजवळ फुकट आहे. पैसे लागतात ते व्हिडिओला. तरीही बहुतेक जण सगळं एकाच ढिगात टाकतात आणि ढीग मोठा झाला की कशाचीच दुसरी प्रत काढत नाहीत. पहिल्याच रविवारी दोन फोल्डर करा, ‘कागदपत्रं’ आणि ‘आठवणी’. पहिल्याच्या तीन प्रती होणार, दुसऱ्याच्या खिशाला परवडतील तितक्या.

सरकारी कागद: खर्च शून्य ते पंधरा रुपये

डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झाला. तो मोफत आहे आणि स्वतःचे कागद चढवायला १ जीबी जागा देतो. पण त्यात दोन वेगळे कप्पे आहेत, आणि त्यांतला फरक अनेकांना माहीत नसतो. वाहन परवाना, गाडीचं नोंदणीपत्र, गुणपत्रिका असे कागद थेट संबंधित खात्याकडून आले असतील, तर २०१६ च्या डिजिटल लॉकर नियमांनुसार (त्यातली ही तरतूद २०१७ मध्ये आली) ते मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद मात्र फक्त स्कॅनच राहतो. म्हणून जे खात्याकडून मागवता येतं ते चढवत बसू नका, मागवा.

महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. तो उतरवून घेतला की पुढे काय करायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. त्या पीडीएफमधली स्वाक्षरी फाइलच्या प्रत्येक अक्षराशी बांधलेली असते. फाइल लहान करायला एखाद्या संकेतस्थळावर नेली, दोन पीडीएफ जोडून एक केली, ‘प्रिंट टू पीडीएफ’ केलं किंवा स्क्रीनशॉट काढला, तर दिसायला कागद तोच राहतो आणि स्वाक्षरी मात्र जाते. ई-आधार आणि बँकांच्या स्वाक्षरी असलेल्या उताऱ्यांचंही तसंच. उतरवलेली मूळ फाइल हात न लावता एका फोल्डरात ठेवावी आणि पाठवायला तिची प्रत वापरावी. व्हॉट्सअॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलेली गोष्ट दाबून लहान होते.

अशा फायलींना बहुधा पासवर्ड असतो. ई-आधारचा म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. बँकांचे नियम वेगवेगळे, कुणाचा ग्राहक क्रमांक, कुणाची जन्मतारीख. बँक बदलली, क्रमांक विसरला, की उतारा असून नसल्यासारखा. प्रत्येक फोल्डरात एक साधी टिपणफाइल ठेवा आणि पासवर्ड कोणत्या नियमाने बनतो तेवढं लिहा.

मृत्युपत्र मात्र या सगळ्यातून बाहेर आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या पहिल्या अनुसूचीने मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाच्या चौकटीतून वगळलं आहे. स्कॅन जरूर ठेवा, पण जपायचा तो शाईच्या सह्यांचा कागद.

डिस्क, पेन ड्राइव्ह आणि बाकीची मंडळी

एक टेराबाइटची पोर्टेबल हार्ड डिस्क साडेचार ते साडेसहा हजार, दोन टेराबाइटची साडेसहा ते नऊ हजार. आत फिरती तबकडी असते, त्यामुळे पडली की गेली. पण नीट ठेवली तर घरगुती साठ्यासाठी पैशाला पैसा देणारं साधन अजून तरी हेच आहे. पाच वर्षांनी, चालत असली तरी, नवी घेऊन मजकूर हलवा. जुनी फेकू नका, ती जास्तीची प्रत म्हणून राहू द्या.

एसएसडी जलद असते, धक्का सोसते आणि दुकानदार तिचीच भलामण करतो. एक टेराबाइटला हार्ड डिस्कपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात. रोजच्या कामाला उत्तम. कपाटात ठेवून विसरायला मात्र ती चुकीची वस्तू आहे, कारण तिच्यातला मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो आणि वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. उष्णतेत जास्त वेगाने. विदर्भातल्या मे महिन्यात माळ्यावरच्या पेटीत एसएसडी ठेवणं म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेणं.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांचंही तेच तंत्र, चिप सहसा आणखी स्वस्तातली. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह पाचशेच्या आसपास. नेण्या-आणण्याला ठीक, साठवायला नको. इथे फसवणूकही जास्त. रस्त्यावर किंवा अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडे ‘दोन टेराबाइट, सातशे रुपये’ असं दिसलं तर तो बनावट आहे असंच धरा. संगणकाला तो दोन टेराबाइट सांगतो, खरी चिप ३२ जीबीची असते, आणि ती भरली की पुढचा मजकूर कुठलीही सूचना न देता नाहीसा होतो. नवा ड्राइव्ह आणला की ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ या मोफत प्रोग्रामने तो पूर्ण भरून वाचून बघा. एखादा तास लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घासाघीस जरूर करा, पण जीएसटी क्रमांक आणि साधनाचा सीरियल नंबर असलेलं बिल घेतल्याशिवाय निघू नका. बिलाविना दोनशे रुपये सुटतात आणि तीन वर्षांची वॉरंटी जाते. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

डीव्हीडीचा काळ जवळजवळ सरला. नव्या लॅपटॉपला ती घालायला जागाच नसते आणि बाहेरून जोडायचा रायटर दोन-अडीच हजारांना पडतो. घरात लग्नाच्या, बारशाच्या जुन्या डीव्हीडी असतील तर त्या वाचता येत आहेत तोवर डिस्कवर उतरवून घ्या. व्हीएचएस कॅसेट डिजिटल करून देणारे स्टुडिओ कॅसेटमागे काही शे रुपये घेतात. पण चालू स्थितीतले व्हीसीआर कमी होत चालले आहेत, हे काम पुढे ढकलण्यात फायदा नाही.

नास, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी, सध्या हौशी लोकांत लोकप्रिय आहे. दोन डिस्कांची पेटी पंधरा ते पंचवीस हजार, डिस्का वेगळ्या. ती दिवसरात्र चालू राहते. २० वॅट धरले तर वर्षाला १७५ युनिट, म्हणजे दहा रुपये दराने १,७५० रुपये वीज. दोन्ही डिस्कांवर तोच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो, त्यामुळे एक बंद पडली तर दुसरी चालते. पण तुम्ही चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते, आणि खंडणीखोर व्हायरस शिरला तर दोन्हीला कुलूप लागतं. छायाचित्रकार, वास्तुविशारद, छोटा स्टुडिओ यांना ही पेटी कामाची. चौघांच्या घराला ती नको, असं माझं स्पष्ट मत.

क्लाउड: दरमहा थोडं, पण कायमचं

गुगलचे पहिले १५ जीबी फुकट, त्यात ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं धरून. पुढे १०० जीबीला वर्षाला १,३०० रुपये, दोन टेराबाइटला ६,५०० रुपये. ॲपलच्या आयक्लाउडवर ५० जीबीला महिना ७५, २०० जीबीला २१९, दोन टेराबाइटला ७४९ रुपये. सुरुवातीला सवलतीचा दर दाखवतात, नूतनीकरण पूर्ण दराने होतं, तेव्हा ऑटो-पेच्या तारखेकडे लक्ष ठेवा.

दर बदलणारच. गुगल फोटोजवर काहीशा कमी दर्जाचे फोटो अमर्याद आणि मोफत ठेवता येत होते, ते १ जून २०२१ पासून बंद झालं. तोवर फोटो तिथेच टाकायची सवय लागलेले अनेक जण मग पैसे भरू लागले. आजही ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय निवडला असेल, तर फोटो दाबून साठवले जातात. मूळ प्रत तिथे नसतेच. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल क्वालिटी’ आहे का ते बघा, आणि नसेल तर फोनमधले फोटो ‘जागा मोकळी करा’ म्हणत पुसू नका.

क्लाउडची दुसरी गोम अशी, की तो बहुतेक वेळा बॅकअप नसून आरसा असतो. फोनवरून पुसलं की तिकडूनही पुसलं जातं. ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. दोन वर्षं वापर नसलेलं गुगल खातं मजकुरासकट पुसण्याचं धोरणही लागू आहे. आजोबांच्या नावाने काढलेलं, कधी न उघडलेलं खातं सुरक्षित समजू नका. वर्षातून एकदा ‘टेकआउट’ ही मोफत सोय वापरून सगळा मजकूर उतरवून आपल्या डिस्कवर घ्या. खातं अडकलं, पासवर्ड गेला, फोन चोरीला गेला, तरी घरात प्रत राहते.

आता बेरीज. फक्त कागदपत्रं जपायची असतील तर डिजिलॉकर, १५ जीबीचं फुकट खातं आणि घरात असलेल्या एखाद्या डिस्कचा कोपरा, एवढ्यात भागतं. फोटो १०० जीबीच्या आत असतील तर क्लाउडचे १,३०० आणि साडेपाच हजारांची डिस्क पाच वर्षांत विभागली तर ११००, म्हणजे वर्षाला २,४००, महिन्याला दोनशे. व्हिडिओंमुळे साठा टेराबाइटच्या पुढे गेला असेल तर दोन टेराबाइटचा क्लाउड आणि आठ हजारांची एक डिस्क मिळून वर्षाला ८,१००. क्लाउड टाळून आठ-आठ हजारांच्या दोन डिस्का घेतल्या तर वर्षाला ३,२००, पण मग दोन्ही एकाच घरात ठेवून चालणार नाही.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्याकडे ‘दुसरी जागा’ याला वजन आहे. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात तळमजले पाण्याखाली गेले. अशा वेळी शेजारशेजारच्या दोन कपाटांतल्या दोन डिस्का एकच प्रत ठरतात. एक डिस्क दुसऱ्या गावच्या बहिणीकडे, तिची आपल्याकडे, अशी अदलाबदल फुकट होते. बँकेत लॉकर असेलच तर त्यात ठेवा. केवळ डिस्कसाठी वर्षाला हजारो रुपये भाडं भरू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून डिस्क ठेवावी.

फाइल तीच आहे, हे कशावरून?

फाइल टिकणं एक आणि ती न बदलता टिकणं दुसरं. कॉपी करताना केबल हलली, अर्धी फाइल उतरली, डिस्कचा एक कोपरा खराब झाला, तर नाव तेच आणि अनेकदा आकारही तोच दिसतो आणि आत काहीतरी तुटलेलं असतं. तुटलेली फाइल मग दरवर्षी इमानाने नव्या डिस्कवर कॉपी होत राहते.

यावर मोफत उपाय आहे, तो म्हणजे हॅश. फाइलमधून गणिताने काढलेला हा तिचा अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीने तो ६४ अक्षरांचा निघतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोजवर ‘सेव्हन-झिप’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की फाइलवर उजवी क्लिक करून तो काढता येतो. महत्त्वाच्या फोल्डरांचे ठसे एका यादीत ठेवा, वर्षाने पुन्हा काढा आणि जुळवा. जुळले नाहीत तर दुसऱ्या प्रतीवरून चांगली फाइल परत आणा. हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचते असं धरलं तर ५०० जीबी तपासायला साधारण दीड तास लागतो, आणि तोही संगणकाचा. तुम्ही तेवढ्यात जेवून घ्या. गुढीपाडवा किंवा दिवाळीतला एखादा मोकळा दिवस ठरवून टाकला की विसरत नाही.

कोर्टकचेरीची शक्यता असलेल्या नोंदींना याची जास्त गरज. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहायचं असतं. हे प्रमाणपत्र म्हणजे नुसता उपचार नव्हे, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरलं. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, यावरून वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुराव्यात आलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशाणराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितलं, की मूळ उपकरणच न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तेव्हाचं कलम जुन्या पुरावा कायद्यातलं ६५-ब होतं, नव्या कायद्यात ते जास्त तपशिलाने आलं.

तज्ज्ञाची फी काम पाहून ठरते, वकिलाकडून आधी विचारून घ्या. तुमच्या हातातलं फुकटचं काम एवढंच, की मूळ फोन किंवा सीसीटीव्हीचा डीव्हीआर विकू नका, पुसू नका आणि प्रत काढली त्याच दिवशी हॅश काढून तारखेसह लिहून ठेवा. सोसायटीचे सीसीटीव्ही तर काही आठवड्यांत जुन्या चित्रणावर नवं चढवतात. चोरी झाली, भिंत पाडली, गाडीला धक्का लागला, की बैठकीची वाट न पाहता ते चित्रण उतरवून घ्या.

मराठी फायलींचं जास्तीचं दुखणं

इंग्रजीत १९९८ साली टाइप केलेलं पत्र आजही वाचता येतं. त्याच काळातली मराठी फाइल उघडा, पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकन श्री-लिपी, आयएसएम अशा प्रणालींतल्या खास फाँटवर चालायचं. तिथे ‘क’ हे अक्षर म्हणून साठवलं जात नसे. एखाद्या रोमन चिन्हाच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असे. तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर संगणकावर नसेल तर चित्र गायब होतं आणि चिन्ह उरतं. फाइल शाबूत आहे, हॅश जुळतो, तीन प्रती आहेत, तरी मजकूर गेला.

गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्तं, मंडळांच्या स्मरणिका, वाचनालयांच्या दाखलयाद्या, शाळांची रजिस्टरं, कुणा मास्तरांचं आत्मचरित्र, असा केवढा तरी ऐवज यात अडकला आहे. बऱ्याच स्मरणिका पेजमेकरमध्ये लावलेल्या असत. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची आणि पुढे काही वर्षांत अडोबीने त्यावरचं कामच थांबवलं.

इथे पैसे खर्च करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. जुना संगणक आणि त्यावरचं सॉफ्टवेअर अजून चालू असेल, तर भंगारात द्यायच्या आधी प्रत्येक फाइल त्याच यंत्रावर उघडून फाँट अंतर्भूत करून पीडीएफ करा. हे काम फुकट होतं. यंत्र गेल्यावर तेच काम हजारोंत जातं. दीर्घकाळ जपण्यासाठी पीडीएफचा पीडीएफ/ए नावाचा प्रकार आहे, २००५ पासून त्याला आयएसओ मानकाचं स्थान आहे. मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमधून तो करता येतो.

पीडीएफने पान दिसेल, पण त्यात शोधता येणार नाही. त्यातून मजकूर उचलला तर पुन्हा तोच चिवडा हाती येतो. म्हणून दुसरी पायरी युनिकोडची. फाँट बदलून देणारे मोफत आणि विकतचे कन्व्हर्टर आहेत. ते चांगले काम करतात, पण रफार, जोडाक्षरं, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, अवतरणचिन्हं इथे घसरतात, म्हणून मुद्रितशोधनाचे पैसे वेगळे धरा. फाइल मुळीच उघडत नसेल आणि छापील प्रत असेल, तर नव्याने टंकन करून घेण्याचा दर शहर आणि मजकूर पाहून पानामागे वीस ते पन्नास रुपये पडतो. शंभर पानी स्मरणिकेला पाच हजार मोजावे लागले तरी शंभरच्या शंभर पानांसाठी ते द्यायचे का, हा प्रश्न विचारावा. शुभेच्छांच्या जाहिराती चित्र म्हणून राहू द्या, लेख आणि सभासद-यादी तेवढी टंकून घ्या.

सोसायटी किंवा ट्रस्टने कागद स्कॅनला दिले, तर मोठ्या कामाचा दर पानामागे एक ते तीन रुपये सांगतात. त्यात पिना काढणं, वाकडी पानं सरळ करणं आणि फायलींना नावं देणं धरलंय का, ते आधी विचारा. नावं न दिलेल्या दहा हजार फायली म्हणजे स्कॅन न केल्यासारखंच. साध्या कागदाला ३०० डीपीआय पुरे, फोटोला ६०० घ्या, आणि पहिल्या पन्नास पानांचा नमुना पाहिल्याशिवाय बाकीचे गठ्ठे सोपवू नका. मूळ कागद परत घ्या. किती वर्षं ठेवायचे हे कायद्यावर ठरतं: जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने, कंपन्यांची हिशेबवही ८ आर्थिक वर्षं. कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर घ्यावा लागतो. क्लाउडवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्याला आधी एवढंच विचारा, की पैसे भरणं थांबवलं तर आमचा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत हातात देणार? उत्तर लेखी नसेल तर सौदा पुढे नेऊ नका.

फार मोठा संग्रह असलेल्या संस्थांचं गणित वेगळं. दिल्लीच्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य संग्रहाने पुण्याच्या सी-डॅकच्या साहाय्याने २०१७ मध्ये विश्वासार्ह डिजिटल भांडाराचं आयएसओ १६३६३ प्रमाणपत्र मिळवलं. गावच्या वाचनालयाला त्या प्रमाणपत्राची गरज नाही, पण त्यामागची शिस्त, म्हणजे प्रत्येक फाइलची नोंद, तिचा हॅश आणि जबाबदार माणसाचं नाव, एका साध्या वहीतही पाळता येते.

बिघडलीच तर

डिस्कमधून टकटक आवाज आला तर ती लगेच काढा. पुन्हा पुन्हा लावून बघणं, दुरुस्तीचा प्रोग्राम चालवणं, फ्रीजमध्ये ठेवणं हे सगळं उरलेला मजकूर मारतं. चुकून पुसलेल्या किंवा फॉरमॅट झालेल्या डिस्कवरून मजकूर काढायचे तीन ते आठ हजार, आतला भाग तुटला असेल आणि धूळरहित खोलीत उघडावी लागली तर दहापासून चाळीस हजारांपर्यंत, असे भाव सांगितले जातात. एसएसडीवरून पुसलेली फाइल बहुधा परत येत नाही, कुणी हमखास देतो म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. डिस्क हातातून सोडण्याआधी तपासणीची फी, मजकूर न मिळाल्यास किती आकारणार, आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे का, हे लिहून घ्या. पूर्ण पैसे देण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी मागा आणि चार फायली तिथेच उघडून बघा. काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसली असं लेखी घ्या, कारण तुमचं पॅन, आधार आणि बँकेचे उतारे त्या दुकानातल्या संगणकावर असतात.

डिस्कला कुलूप लावायचं तर व्हेराक्रिप्ट मोफत आहे. पण किल्ली हरवली की पुनर्प्राप्तीवालाही काही करू शकत नाही, पैसे कितीही द्या. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, डिस्कपासून वेगळ्या जागी.

ते पाकीट कुणाच्या हाती लागायचं, हेही ठरवून टाका. गुगलमध्ये ‘इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. तीन ते अठरा महिने खातं वापरात नसेल तर तुम्ही नेमलेल्या, जास्तीत जास्त दहा, माणसांना कळवण्याची आणि हवा तो मजकूर देण्याची सोय त्यात असते. ॲपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. त्या माणसाला एक प्रवेशकिल्ली मिळते आणि पुढे मृत्यूच्या दाखल्यासोबत ती द्यावी लागते. ती किल्ली छापून घ्या आणि विम्याच्या पॉलिसीच्या फाइलमध्ये लावा. दोन्ही सोयी मोफत आहेत, आणि दोन्ही खातेदाराने स्वतःच्या हयातीतच, स्वतःच्या खात्यातून चालू कराव्या लागतात.